तुझ्या नावानं एक खातं

अगं, घरात कम्प्युटर येऊन एवढे दिवस झाले तरी तू अजून त्याला "पोरांचा कम्प्युटर" म्हणतेस. बचत गटाचा हिशेब तू लिहितेस, शिष्यवृत्तीचे फॉर्म तू भरतेस, बागेच्या फवारणीच्या औषधांची बिलं तूच जपून ठेवतेस, आणि मामांना सातबारा लागला की हाकही तुलाच येते. सगळ्यात जास्त काम तुझं. तरी तू बसतेस तेव्हा समोर धाकट्याच्या गेमची चित्रं, अक्षरं डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारी, आणि मराठीत दोन ओळी लिहायच्या तर मोबाइल शोधायचा. मी काही बोलले की तुझं ठरलेलं उत्तर, "जाऊ दे ताई, चालतंय की."

चालतंय हे खरं, पण चालवून घेणं तुझ्या वाट्याला का यावं? शिवून आलेलं ब्लाउज खांद्यात आवळत असेल तर आपण ते उसवून अंगाबरोबर बसवून घेतो, खांदा कापत नाही. कम्प्युटरचंही तसंच करायचं. तो कंपनीतून येतो तेव्हा कुणाच्याच मापाचा नसतो. माप तुला द्यायचंय, आणि ते कसं द्यायचं हे आज तुला सविस्तर सांगते.

आधी मनातली भीती काढू. लग्नाआधी तू एमएस-सीआयटी केलंस. २००१ साली एमकेसीएलनं हा कोर्स सुरू केल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी मुलींचा कम्प्युटरला पहिला हात त्याच वर्गात लागला. पण वर्गातलं मशीन सगळ्यांचं. एका बॅचनंतर दुसरी बॅच तिथंच बसणार, म्हणून "सेटिंग्जला हात लावू नका" हे तिथं पहिल्या दिवशीच सांगतात. वर्गात ते बरोबरच होतं. फक्त ते वाक्य तू घरी घेऊन आलीस आणि अजून पाळतेस. मी आज जे सांगणार आहे त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट जिथं बदलली तिथंच पुन्हा पहिल्यासारखी करता येते. अक्षर मोठं केलं, नाही आवडलं, पुन्हा लहान केलं, एवढाच तो व्यवहार. यात काही मोडत नाही, फुटत नाही, पैसे जात नाहीत.

आणखी एक लक्षात घे. १९८१ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीनं स्टार नावाचा कम्प्युटर बाजारात आणला. पडद्यावर कागद, फोल्डर, फाइलींचे कप्पे, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाच्या टोपल्या अशी चित्रं मांडायची रीत त्यानं रुळवली. समोर कल्पना होती ती ऑफिसात टेबलाशी बसणाऱ्या माणसाची. आज तुझ्या पडद्यावर दिसतं ते डेस्कटॉप त्याच रीतीतून आलंय. तुझं टेबल ऑफिसातलं नाही. त्याच्या एका बाजूला दप्तरं असतात, दुसऱ्या बाजूला बागेची वही, मधूनच दारात कुणीतरी येतं. मग मांडणीही तुझ्या दिवसाला धरून व्हायला हवी.

पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम, स्वतःच्या नावाचं खातं काढणं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथं अदर युजर्स, आणि अॅड अकाउंट. तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या पाहुण्यांच्या, खात्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असेल तर त्यांना एकदा पासवर्ड टाकायला बसव. खातं निघालं की कम्प्युटर सुरू करताना तुझं नाव दिसेल, त्यावर क्लिक केलंस की तुझा पडदा, तुझी अक्षरं, तुझ्या फाइली. पोराच्या खात्यात त्याचा गेम, त्याची चित्रं. कुणाचं कुणाला अडत नाही. तू अक्षर मोठं केलंस म्हणून त्यानं कुरकुर करायची नाही, आणि त्यानं रंग बदलले म्हणून तू शोधाशोध करायची नाही. मुलांची खाती स्टँडर्ड युजर ठेव, म्हणजे तुमच्यापैकी कुणाचा पासवर्ड घेतल्याशिवाय त्यांना मोठे बदल करता येणार नाहीत. आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार पाहुण्यांबरोबर तुझ्याही खात्याला असू दे. ते बागेत असताना काही अडलं तर संध्याकाळपर्यंत थांबायची वेळ येऊ नये.

पासवर्ड किंवा पिन ठेवायला संकोच वाटेल. घरातल्या घरात कसली कुलपं, असं घरातल्या आत्या म्हणतीलही. त्यांना नीट सांग की गटातल्या बायकांचे पैसे कुणाचे किती, कर्ज कुणी उचललं, हप्ता कुणाचा थकला, हे सगळं त्यात आहे. दुसऱ्याच्या घरची गोष्ट आपल्याकडे विश्वासानं ठेवलेली असते. ती उघडी ठेवायची नाही, एवढंच त्यामागचं कारण. उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबायची, पडद्याला कुलूप लागतं. परत आलीस की पिन टाक, काम होतं तिथंच उघडतं.

आता डोळ्यांचं बघू. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आहे, तिथं टेक्स्ट साइज. पट्टी उजवीकडे सरकव, शेजारीच नमुना दिसतो, वाचता येईल इतकी झाली की थांब आणि अप्लाय कर. यानं फक्त अक्षरं मोठी होतात. चित्रं, बटणं, सगळंच मोठं हवं असेल तर सिस्टीममध्ये डिस्प्ले, त्यात स्केल. तिथं १०० टक्के असेल ते १२५ करून बघ. तुझ्या वयाच्या बाईला १२५ टक्के लागणं यात काही कमीपणा नाही. दिवसभर उन्हातून आत-बाहेर करून रात्री पडद्यासमोर बसणाऱ्या डोळ्यांना तेवढं हवंच. रात्री बसायचं असेल तर त्याच डिस्प्लेमध्ये नाइट लाइट लाव. पडद्याचा निळसर पांढरा उजेड पिवळट होतो आणि अंधारलेल्या खोलीत डोळ्यांवर येत नाही.

माऊसचा बाण हरवतो म्हणतेस ना? ॲक्सेसिबिलिटीतच माऊस पॉइंटर आहे. बाण मोठा कर, रंगही बदलता येतो. आत्यांसाठी एक वेगळी सोय सांगते. त्यांना पटापट दोनदा क्लिक करणं जमत नाही, पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकमध्ये हात हलतो, मग कीर्तन लागत नाही आणि त्या बाजूला होतात. फाइल एक्सप्लोरर उघड, वर तीन टिंबं दिसतील, त्यातल्या ऑप्शन्समध्ये सिंगल क्लिकनं उघडायची निवड आहे. ती लाव. एकदा दाबलं की उघडलं. त्यांचंही छोटं खातं काढ, ही निवड त्या खात्यात लाव, पडद्यावर यूट्यूबचं एकच मोठं चित्र ठेव. त्यांना कुणाला हाक न मारता कीर्तन लावता आलं पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला दर वेळी कुणाची तरी वाट बघायला लागणं किती जिवावर येतं, ते तू रोज बघतेस.

आता डेस्कटॉपवरच्या पसाऱ्याकडे ये. तुझ्याकडे जे काही उतरतं ते एक तर डाउनलोड्समध्ये जातं नाही तर डेस्कटॉपवर. मग एकसारखी नावं असलेल्या फाइली साचतात आणि ऐन वेळी हवी ती सापडत नाही. यावर तीन गोष्टी कर.

एक, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स आहे. तिथं फाइल उतरवताना कुठं ठेवायची ते दर वेळी विचार, असं बटण आहे. ते चालू कर. मग १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवलास की तो आधी विचारेल, कुठं ठेवू? तिथल्या तिथं नाव दे आणि जागा दाखव. नंतर आवरायला वेळ काढू म्हटलं की तो वेळ कधीच निघत नाही, हे तुला मी सांगायला नको.

दोन, फोल्डर कामानुसार कर आणि मोजकेच कर. शेत, गट, शाळा, घर, फोटो. शेतमध्ये सातबारा आणि आठ-अ एकत्र, औषधं-खतांची बिलं एकत्र, सोलापूरच्या बाजार समितीत कांदा किंवा द्राक्ष घातल्याच्या पट्ट्या एकत्र. शाळामध्ये प्रत्येक पोराच्या नावाचा एक फोल्डर, त्यात दाखला, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्याच्या नावात मुदत कधी संपते तेही लिहून टाक, म्हणजे फॉर्मच्या शेवटच्या दिवशी धावपळ होणार नाही.

तीन, नावाची सुरुवात तारखेनं कर, आणि तारीख उलटी लिही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. गेल्या कोजागिरीला रस्ता तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांनी भरला होता, तेव्हाचे फोटो तू काढलेस. त्या फोल्डरचं नाव "२०२५-१०-०६ कोजागिरी". असं केलं की कम्प्युटर आपोआप क्रम लावतो. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या महिन्यांच्या सहा तारखा एका ठिकाणी गोळा होतात आणि वर्षांची सरमिसळ होते. फाइलींची नावं मराठीत द्यायला काही हरकत नाही. फक्त एखाद्या साइटवर चढवायची फाइल असेल तर तिचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान, मधे जागा न सोडता ठेव. काही साइट मराठी नाव घेत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत.

हे फोल्डर डेस्कटॉपवर ठेवायचे नाहीत, तिथं फक्त त्यांचे शॉर्टकट. डेस्कटॉपवरची फाइल साधारणपणे सी ड्राइव्हवर असते. कम्प्युटर बिघडला, दुकानात नेला आणि त्यांनी विंडोज नव्यानं टाकलं की सी ड्राइव्ह पुसला जातो. डी ड्राइव्ह असेल तर फोल्डर तिथं कर. तरीही महिन्यातून एकदा सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेव, कारण डिस्कच गेली तर सी आणि डी दोन्ही जातात. आणि दुरुस्तीला देताना दुकानदाराला स्पष्ट सांग, "आधी फाइली काढून घेते, मग हात लावा."

रोज लागणाऱ्या चार गोष्टी खालच्या पट्टीवर पिन करून ठेव. प्रोग्रॅमवर उजवी क्लिक केलीस की पिन टू टास्कबार येतं. नको असलेल्या तिथून काढून टाक. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलंस की बुकमार्कची पट्टी दिसते. तिथं महाभूलेख, महाडीबीटी, आपले सरकार आणि महावितरण ठेव. एकदा पत्ता नीट तपासून ठेवलास की दर वेळी गुगलवर शोधायचं काम राहत नाही, आणि शोधात वर येणाऱ्या खोट्या साइटवर जाण्याचा धोकाही टळतो. महावितरणचा पत्ता सोडला तर सरकारी साइट बघताना पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का, ते बघायची सवय लाव.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, मराठी. तू गटाच्या बैठकीचं इतिवृत्त मोबाइलवर लिहून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतेस आणि मग ते कम्प्युटरवर घेतेस. इतका वळसा कशाला? सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथं लँग्वेज, त्यात मराठी जोड. मग मराठीच्या शेजारच्या तीन टिंबांतून कीबोर्ड निवडता येतो. दोन प्रकार मिळतील. एक फोनेटिक, तो विंडोजमध्ये २०१९ साली आला. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, तो मराठी शब्द सुचवतो, मोबाइलसारखंच. दुसरा इनस्क्रिप्ट, जो १९९१ साली भारतीय मानकात आला आणि बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकाच धाटणीचा आहे. इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करायला विंडोजची कळ धरून स्पेस दाबायची.

घाई असेल तर फोनेटिक घे. पण माझं ऐकशील तर रोज थोडा वेळ इनस्क्रिप्ट शीक. काना, मात्रा, वेलांट्या, उकार सगळे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या गावाचं नाव लिहून बघ. त साठी एल, काना ई, म साठी सी, ल साठी एन, व साठी बी, पुन्हा काना ई, ड साठी पी च्या शेजारचा चौकोनी कंस, आणि दीर्घ वेलांटी आर. झालं तामलवाडी. आठ कळा, आणि शब्द सुचवणाऱ्यावर अवलंबून राहायचं नाही. आपला ळ शिफ्ट धरून एन वर आहे, आणि "दुसऱ्या", "तिसऱ्या" मधला अर्धा र लिहायला आधी शिफ्ट धरून जे, मग पाय मोडायला डी. गावांची, माणसांची नावं लिहिताना याचा खरा उपयोग कळतो. फोनेटिकला "गंजेवाडी", "माळुंब्रा" सुचेलच असं नाही. इनस्क्रिप्टला सुचवायचं नसतंच, तू जे दाबशील तेच उमटतं. नोकरीच्या जाहिरातींतल्या मराठी टायपिंगसाठीही हा हात पुढं कामाला येतो.

मराठी बोलून लिहायचं असेल तर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघड, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. इंटरनेट लागतं, माइक लागतो, आणि बाजूला टीव्ही बंद असावा लागतो. नंतर वाचून दुरुस्त करावंच लागतं, पण हात दुखत असेल त्या दिवशी याचा मोठा आधार.

जुन्या काही फाइली उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती फाइल खराब झालेली नसते, तेव्हा पुसून टाकू नकोस. पूर्वी श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फाँट कम्प्युटरवर नसेल तर मूळ इंग्रजी अक्षरंच दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तू आज लिहिलेलं कुठल्याही कम्प्युटरवर, मोबाइलवर मराठीच दिसतं. नवीन सगळं युनिकोडमध्येच लिही. विंडोजमधला मंगल हा युनिकोड फाँट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. आणखी मोकळी, ठसठशीत अक्षरं हवी असतील तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता गुगल फाँट्सवरून मोफत उतरवता येतो. गटाच्या बायकांना वाचायला द्यायच्या कागदावर मुक्ता मोठ्या आकारात लाव. ज्यांना वाचायला वेळ लागतो त्यांनाही सुटं, स्वच्छ अक्षर दिसलं की धीर येतो.

आता आपल्याकडच्या दोन अडचणी, लाईट आणि डेटा. लाईट सांगून जात नाही. वर्डमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग सेव्ह, तिथं ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी असतं. ते २ मिनिटांवर आण. आणि एक ओळ पूर्ण झाली की कंट्रोल एस. बोटाला ही सवय लागली की लिहिलेलं सहसा जात नाही. पाहुण्यांना सांगून एक छोटा यूपीएस घ्या. त्याच्यावर काम रेटायचं नाही. लाईट गेली की फाइल ठेवायची आणि कम्प्युटर रीतसर बंद करायचा, तेवढ्यासाठी तो.

डेटाचं कोडं मला ठाऊक आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावतेस आणि फॉर्म निम्मा भरेपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. तू काही बघितलेलंही नसतं. पाठीमागं विंडोज स्वतःचे अपडेट ओढत असतो. हॉटस्पॉट जोडलेला असताना सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं वायफाय, त्या जोडणीच्या माहितीत मीटर्ड कनेक्शन आहे. ते चालू कर. मग विंडोज मोठे अपडेट त्या जोडणीवर ओढायचे टाळतो. पण अपडेट कायमचे बंद ठेवू नकोस, चोरवाटा बुजवायचं काम तेच करतात. सणावाराला कम्प्युटर माझ्याकडे आणलास की इथल्या वायफायवर पूर्ण अपडेट करून घेऊ. तुमचा विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. मशीन ११ घेऊ शकतं का, ते सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर बघायला हवं.

कम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात स्टार्टअप. सुरू होतानाच उघडणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथं आहे. गेमचे लाँचर, नको असलेले चॅट बंद कर. अँटीव्हायरस तेवढा चालू राहू दे, आणि जे नाव ओळखीचं नाही त्याला हात लावण्याआधी मला विचार.

फॉर्म भरणं हा तुझा मोठा व्याप, त्यासाठी दोन सोयी. विंडोजची कळ आणि व्ही दाब, क्लिपबोर्ड हिस्ट्री चालू करायला विचारेल, चालू कर. मग तू कॉपी केलेल्या शेवटच्या बऱ्याच गोष्टी यादीत राहतात. पत्ता, शाळेचं नाव, वडिलांचं नाव पुन्हापुन्हा टाइप करायला नको. पासवर्ड आणि बँकेचे आकडे मात्र कॉपी करायचे नाहीत, आणि काम झालं की क्लिअर ऑल. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण जुन्या कागदांवर उस्मानाबाद आहे आणि काही याद्यांतही ते दिसतं. म्हणून पत्ता दोन्ही नावांनी एका फाइलीत लिहून ठेव आणि फॉर्म जे मागेल ते उचल. दुसरी सोय म्हणजे विंडोज, शिफ्ट आणि एस. पडद्याचा हवा तेवढा भाग निवडून त्याचं चित्र घेता येतं. अर्ज गेल्यावर जो क्रमांक येतो त्याचं चित्र लगेच घे आणि त्या पोराच्या फोल्डरमध्ये टाक. फोटो आणि सही मोठी आहे म्हणून फॉर्म परत येत असेल तर पेंटमध्ये उघड, रिसाइझमध्ये पिक्सेल निवड, आकडा कमी कर, आणि नवीन नावानं ठेव. मूळ फोटो तसाच राहू दे.

हात कुठं लावायचा नाही, तेही सांगते. ड्राइव्हच्या फॉरमॅटला, रजिस्ट्रीला आणि विंडोज नावाच्या फोल्डरला. कम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारे फुकटचे क्लीनर आणि रंगीत थीम कुठल्याही साइटवरून उतरवू नकोस. आणि फोनवर कुणी गोड बोलून एखादं ॲप टाकायला लावलं, "तुमचा स्क्रीन आम्हाला दिसू द्या" म्हणालं, तर फोन ठेव. बँकेचा माणूस, वीज कंपनीचा माणूस, कुणीही असो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. हा आकडा कम्प्युटरच्या कडेला कागदावर लिहून चिकटव, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.

हे सगळं एका बैठकीत करायचं नाही. आज खातं. ते झालं की अक्षर आणि माऊस. मग मराठी कीबोर्ड, आणि फोल्डर सावकाश, जसजसं काम येईल तसतसे. एक बदल केलास की दोन दिवस वापरून बघ, हाताला बरा वाटला तर ठेव. काय बदललं ते बागेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव, म्हणजे मागं फिरायचं असेल तर वाट सापडेल.

तुला एवढं सगळं सांगते त्यामागं एक कारण आहे. तू हिशेबात चोख आहेस, कागदपत्रांत चोख आहेस, गटातल्या बायका तुझ्या शब्दावर पैसे ठेवतात. पण कम्प्युटरसमोर बसलीस की तू परक्याच्या घरी बसल्यासारखी कडेला बसतेस. काम तुझं असेल तर जागाही तुझीच हवी. ती कुणी आणून देणार नाही, आणि मागायला लाजायचंही कारण नाही. पाहुणे नाही म्हणणार नाहीत. आजवर त्यांना कुणी विचारलंच नाही, एवढंच.

रविवारी दुपारच्या एसटीनं मी येते. सोलापूर ते तामलवाडी म्हणजे काही लांब नाही. खातं काढताना तुझ्या शेजारी बसेन, अडलीस तर सांगेन. पण माऊसला मी हात लावणार नाही. मी करून दिलं तर ते माझ्या मापाचं होईल, आणि मला ते तुझ्या मापाचं झालेलं बघायचंय.